वाचकांचे प्रश्न: इन्व्हर्टर म्हणतो २५६ व्होल्ट, आता करायचं काय?

सोलर इन्व्हर्टर आणि व्होल्टेज यावर इतकी पत्रं साठली होती की यावेळचा सगळा कॉलम त्यालाच देऊन टाकलाय. खालची सगळी उत्तरं २३० व्होल्टच्या सिंगल फेज पुरवठ्याचा हिशोब धरून आहेत, जिथे थ्री फेजचा संबंध येतो तिथे तसं सांगितलंय. मर्यादेचे आकडे देशागणिक बदलतात, मी उदाहरणं देताना कुठल्या नियमातलं ते लिहिलंय, पण तुमच्याकडे जे लागू आहे तेच शेवटी धरायचं.

प्रश्न: छतावर ५ किलोवॅटचा सोलर आहे. भर दुपारी इन्व्हर्टरच्या अॅपवर २५६ व्होल्ट दिसतात आणि त्याच वेळी हॉलमधल्या प्लगला मल्टिमीटर लावला की २५०. इन्स्टॉलर म्हणतो तुमचा मीटर फालतू आहे, मुलगा म्हणतो इन्व्हर्टर बिघडलाय. खरं कुणाचं मानायचं?

काका, बहुतेक दोन्ही आकडे खरे आहेत. ते दोन वेगळ्या जागांचे आहेत एवढंच.

इन्व्हर्टरला वीज बाहेर ढकलायची असते, म्हणजे त्याच्या स्वतःच्या टर्मिनलवरचं व्होल्टेज मेन बोर्डापेक्षा थोडं वर ठेवावंच लागतं, नाहीतर करंट जाणार कुठे. हे थोडं म्हणजे किती ते मधल्या वायरवर ठरतं. ५ किलोवॅट म्हणजे २५० व्होल्टला २० अँपिअर. इन्व्हर्टर गच्चीवर आणि मेन बोर्ड खाली, मधे ३० मीटर वायर आहे असं धरा, करंट जातो आणि न्यूट्रलमधून परत येतो म्हणून हिशोब ६० मीटरचा. ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स मीटरला साधारण ४.६ मिलिओहम, म्हणजे ६० मीटरला ०.२८ ओहमच्या आसपास, गुणिले २० अँपिअर, झाले साडेपाच व्होल्ट. तुमचा २५० आणि २५६ मधला फरक जवळपास तिथेच संपला. हीच वायर १० चौरस मिलिमीटरची असती तर चढ सव्वादोन व्होल्टचाच असता. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सोलर इन्व्हर्टरसाठीच्या ४७७७ या नियममालिकेत हा आतला चढ २ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितलाय, म्हणजे ४.६ व्होल्ट, त्या मापाने तुमची वायर नापास.

मापातली चूकही असतेच. आयईईई १५४७ या अमेरिकेतल्या ग्रिड जोडणीच्या नियमाच्या २०१८ च्या आवृत्तीत इन्व्हर्टरच्या व्होल्टेज मापाला एक टक्क्याची मुभा आहे, म्हणजे २.३ व्होल्ट इकडे किंवा तिकडे. साधा मल्टिमीटरही तेवढा हलतो. त्यामुळे एक-दोन व्होल्टवरून कुणाशी भांडायला जाऊ नका, पण सहा व्होल्टचा फरक रोज दुपारी येत असेल आणि सकाळी सोलर कमी असताना तो आपोआप कमी होत असेल तर तो वायरचाच.

खात्री करायची असेल तर इलेक्ट्रिशियनला कडक उन्हाच्या वेळी बोलवा आणि मोजायला प्लग नको, मेन बोर्डावर मोजू दे, कारण प्लगच्या सर्किटवर फ्रिज-बिज चालू असेल तर तिथे आणखी एखाद-दोन व्होल्ट गळतात. इन्व्हर्टर फुल चालू असताना बोर्डावर किती आणि अॅपवर किती ते लिहा, मग इन्व्हर्टरचा एसी स्विच दोन मिनिटं बंद करून बोर्डावर किती ते लिहा, मधल्या काळात गिझर वगैरे कुणी चालू-बंद करू नका. पहिल्या दोन आकड्यातला फरक म्हणजे तुमची आतली वायर. बोर्डावरचं व्होल्टेज स्विच बंद केल्यावर जेवढं खाली आलं तेवढा चढ तुमच्या सोलरमुळे बाहेरच्या लाईनवर होतोय. आणि बंद केल्यावरही जे उरलं ते शेजाऱ्यापाजाऱ्यांचं आणि वीज कंपनीचं. बोर्डावर २५१ होते, बंद केल्यावर २४८ झाले, असं निघालं तर समजा की वीज कंपनीचं मूळ व्होल्टेजच वर आहे, तुमची वायर त्यात भर घालतेय, आणि दोन्ही गोष्टींचा पाठपुरावा करावा लागणार. पण आधी आपली वायर नीट करा, कारण तक्रार केल्यावर ते पहिलं तेच बघणार.

प्रश्न: माझा इन्व्हर्टर दुपारी बारा ते दोन सारखा बंद-चालू होतो आणि "ग्रिड ओव्हरव्होल्टेज" असा एरर देतो. पण अॅपमधला पाच-पाच मिनिटांचा ग्राफ काढला तर त्यात कुठेच २५१ च्या वर आकडा नाही! मग तो बंद कशामुळे होतो?

हा प्रश्न मला फार आवडला कारण बरेच जण इथेच फसतात. पाच मिनिटांचा आकडा म्हणजे त्या पाच मिनिटांची सरासरी आहे की पाचव्या मिनिटाला जे होतं ते उचललेलं, हे आधी कंपनीच्या मॅन्युअलमध्ये बघा. बऱ्याच अॅपमध्ये तो एका क्षणाचा फोटो असतो. आणि गंमत अशी की इन्व्हर्टर बंद पडला की त्याने स्वतः चढवलेलं व्होल्टेज लगेच उतरतं, मग पुढचा फोटो निघतो तो उतरलेल्या व्होल्टेजचा. म्हणजे चूक झाली त्या वेळचा आकडा ग्राफमध्ये नाही आणि चूक गेल्यानंतरचा आहे. तुम्हाला वाटतं सगळं आलबेल होतं.

दुसरं म्हणजे बंद पडण्याचे नियम एकापेक्षा जास्त असतात. एक १० मिनिटांच्या सरकत्या सरासरीचा, जर्मनीच्या ४१०५ नियमात ती मर्यादा नॉमिनलच्या, म्हणजे ठरलेल्या २३० व्होल्टच्या, ११० टक्के म्हणजे २५३, ऑस्ट्रेलियाच्या ४७७७.२ च्या २०२० च्या आवृत्तीत २५८. आणि दुसरे झटपटचे, त्याच ऑस्ट्रेलियन नियमात २७५ ओलांडलं की ०.२ सेकंदात सुटायचं. या दोन्हींचे एरर कोड वेगळे असतात, "१० मिनिट अॅव्हरेज" किंवा तसलं काहीतरी लिहिलेला कोड आला तर व्होल्टेज बराच वेळ वर राहिलंय, झटपटचा आला तर एखादा धक्का आलाय आणि तो शोधायची पद्धत वेगळी. ग्राहकाच्या अॅपमध्ये हे सगळं "ग्रिड फॉल्ट" अशा एका गोड नावाखाली गुंडाळलेलं असतं, इन्स्टॉलरच्या पोर्टलवर मात्र वेळ, कोड आणि त्या क्षणाचं व्होल्टेज असा इव्हेंट लॉग बहुतेक वेळा मिळतो. तो मागून घ्या. सिस्टीम तुमची आहे, मागायला लाजू नका.

परत चालू व्हायला वेळ का लागतो असंही तुम्ही विचारलंय. व्होल्टेज मर्यादेत आल्यावरही थांबायचं असा नियम असतो, ऑस्ट्रेलियात किमान ६० सेकंद, आयईईई १५४७ चं डिफॉल्ट ३०० सेकंद, आणि नंतरही पॉवर हळूहळू चढवायची. म्हणून दुपारचा ग्राफ करवतीच्या दात्यांसारखा दिसतो.

प्रश्न: बंद पडत नाही पण स्वच्छ उन्हात ग्राफचा डोंगर वरून कापल्यासारखा दिसतो. पॅनल जास्त आणि इन्व्हर्टर लहान असल्यामुळे का व्होल्टेजमुळे?

कापलेला भाग कुठल्या उंचीवर आहे ते बघा. इन्व्हर्टर ५ किलोवॅटचा आणि कापलेली रेघ बरोबर ५ वर, एकदम सरळ, रोज तीच, तर तो लहान इन्व्हर्टर, त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. रेघ ३.८ वर, उद्या ४.१ वर, मधेच वाकडीतिकडी, आणि त्यावर व्होल्टेजचा ग्राफ ठेवला की एक वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो, तर ते व्होल्ट-वॅट.

व्होल्ट-वॅट म्हणजे इन्व्हर्टर सरळ बंद पडण्याऐवजी व्होल्टेज चढेल तशी पॉवर कमी करत जातो. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य सेटिंगमध्ये २५३ पर्यंत १०० टक्के, तिथून २६० पर्यंत उतरत उतरत २० टक्के. आता वरच्या काकांची वायर इथे लावून बघा. बोर्डावर २५१ आहेत, म्हणजे नियमात आहे, वीज कंपनीला बोलायला जागा नाही. पण ४ चौरस मिलिमीटरच्या वायरीमागे बसलेल्या इन्व्हर्टरला २५५ च्या वर दिसतं आणि तो साधारण ३.८ किलोवॅटवर येऊन थांबतो, १० ची वायर असती तर त्याच उन्हात त्याच ग्रिडवर ४.९ मिळाले असते. एका वायरीपायी भर दुपारी ताशी एक युनिटपेक्षा जास्त जातं आणि कुठलाही एरर येत नाही! ग्राफ बघणारं कुणी नसेल तर हे वर्षानुवर्षं चालतं.

व्होल्ट-वार हा त्याचाच भाऊ, तो पॉवर न कापता रिअॅक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करता लाईनमध्ये मागेपुढे फिरणारी वीज) ओढून व्होल्टेज दाबायचा प्रयत्न करतो. घरगुती लाईनमध्ये रिअॅक्टन्सपेक्षा (वायरच्या चुंबकीय अडथळ्यापेक्षा) रेझिस्टन्सच जास्त असतो त्यामुळे त्याचा परिणाम मर्यादित, पण तो चालू असेल तर बंद करायला सांगू नका, तो आहे म्हणून व्होल्ट-वॅटची पाळी उशिरा येते.

प्रश्न: वीज कंपनीला तीनदा फोन केला, दरवेळी "आमच्याकडून व्होल्टेज बरोबर आहे" म्हणतात. अॅपचे स्क्रीनशॉट पाठवले तर उत्तरच नाही. लेखी तक्रार कशी करावी म्हणजे ते ऐकतील?

स्क्रीनशॉटवर उत्तर येत नाही कारण त्यात तक्रार हाताळणाऱ्या इंजिनिअरला हवं असलेलं काहीच नसतं. एक लाल आकडा, कधीतरी दुपारचा. तो कुठे मोजला, किती वेळ होता, तेव्हा तुमचा सोलर किती सोडत होता, यातलं काही नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही बाजूला ठेवलं असतं.

त्यांच्या भाषेत बोलायचं तर १० मिनिटांच्या सरासऱ्या आणि एक पूर्ण आठवडा. पुरवठ्याच्या व्होल्टेजचा युरोपातला ईएन ५०१६० नियम असो की ऑस्ट्रेलियातला ६१०००.३.१००, माप हेच. आठवड्यात अशा १००८ सरासऱ्या होतात. ऑस्ट्रेलियात त्यातल्या ९९ टक्के २५३ च्या आत हव्यात, म्हणजे आठवड्यात १० मिनिटांचे दहा तुकडे, पावणेदोन तासही नाहीत, एवढीच सूट. तुमच्या अॅपमधून सीएसव्ही फाइल काढता येत असेल तर एक्सेलमध्ये टाका, १० मिनिटांचे गट पाडा आणि मर्यादेच्या वर किती गेले ते मोजा. "खूप वेळा जास्त असतं" आणि "१००८ पैकी ६३ वेळा २५३ च्या वर" या दोन वाक्यांवर येणाऱ्या उत्तरात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

रात्रीचे आकडे मात्र गाळू नका, सगळे दुपारचेच पाठवतात. खरं तर पहाटे तीनचा आकडा जास्त बोलतो. तेव्हा सोलर शून्य, कुणाचाच नाही, आणि तरी २४९ असतील तर दोष सोलरवर ढकलायला वावच राहत नाही, ट्रान्सफॉर्मरच वर लावलेला आहे. ट्रान्सफॉर्मरला टॅप (व्होल्टेज वर-खाली करायच्या पायऱ्या) असतात, एक पायरी बहुतेक वेळा अडीच टक्क्यांची, म्हणजे सहाएक व्होल्ट खाली येतात आणि तुमचा प्रश्न सुटतो. पण पहाटे २३२, दुपारी २५६ आणि संध्याकाळी सगळ्यांच्या घरी लोड असताना २१२ असं चित्र असेल तर टॅप खाली घेतला की संध्याकाळचे २०६ होणार, आणि नॉमिनलच्या दहा टक्के खाली म्हणजे २०७ ही खालची मर्यादा असेल तर लाईनच्या शेवटच्या घराची तक्रार येणार. मग त्यांना लाईन जाड करणं, घरं फेजवर नीट वाटणं असलं काहीतरी करावं लागतं आणि त्याला वेळ लागतो, हे आधीच माहीत असलेलं बरं. सगळ्याच वेळी ते टाळाटाळ करत नसतात.

तक्रारीचा मजकूर साधा ठेवा. साधारण असा:

"माझ्या मीटर क्रमांक अमुक वरच्या पुरवठ्याचं व्होल्टेज दिनांक अमुक ते अमुक या सात दिवसांत १० मिनिटांच्या सरासरीने ६३ वेळा २५३ व्होल्टच्या वर गेलं, सर्वात जास्त २५७. पहाटे दोन ते चार या वेळेत सोलर बंद असतानाही २४७ ते २४९ होतं. आकडे इन्व्हर्टरच्या टर्मिनलवरचे आहेत, इन्व्हर्टर ते मेन बोर्ड वायरमधला चढ पूर्ण पॉवरला २.२ व्होल्ट असल्याचं इलेक्ट्रिशियनने मोजलं आहे. आकड्यांची फाइल आणि इव्हेंट लॉग सोबत आहे. कृपया पुरवठ्याच्या जागी व्होल्टेज नोंदवणारा लॉगर लावून तपासावं आणि निष्कर्ष लेखी कळवावा."

आतल्या वायरचा चढ आपणहून सांगून टाकला की "तुमच्या घरातलाच दोष असेल" हे उत्तर द्यायची सोय राहत नाही. सरासरी इन्व्हर्टरने काढलीय की तुम्ही क्षणाच्या आकड्यांवरून, तेही लिहा. घड्याळ तपासा, इन्व्हर्टरचे आकडे साठवणाऱ्या डेटालॉगरची वेळ एक तास पुढेमागे असली किंवा टाइम झोन चुकीचा असला तर त्यांच्या नोंदीशी तुमची नोंद जुळणार नाही आणि सगळी मेहनत पाण्यात. स्मार्ट मीटर असेल तर तोही बहुतेक व्होल्टेज नोंदवतो, ती नोंद द्या म्हणावं. ते लॉगर लावतात तेव्हा आयईसी ६१०००-४-३० मधला क्लास ए मीटर असेल तर त्याची अचूकता ०.१ टक्का, म्हणजे पाव व्होल्टसुद्धा नाही, त्याच्यापुढे इन्व्हर्टरचा आकडा चालत नाही. फक्त लॉगर पावसाळी आठवड्यात लावून "सगळं ठीक" म्हणाले तर ऊन असलेल्या आठवड्यात परत लावायला सांगा.

त्याच ट्रान्सफॉर्मरवर सोलर असलेले दोन-तीन शेजारी असतील आणि त्यांचेही आकडे जोडता आले तर उत्तमच.

प्रश्न: थ्री फेज इन्व्हर्टर आहे. गेल्या चार दिवसांपासून एका फेजवर २६२, दुसऱ्यावर २०५ असं दिसतं आणि मोटर चालू केली की आकडे उड्या मारतात. काही दिवे एकदम प्रखर होतात. यालाही आठवडाभराचा लॉग काढू का?

नाही! लॉग वगैरे काही नको, आजच वीज कंपनीच्या आपत्कालीन नंबरवर फोन करा आणि "न्यूट्रल सुटल्याची शंका आहे" असे शब्द वापरा. एक फेज वर आणि दुसरा खाली, लोड बदलला की दोन्ही हलतात, हे ढिल्या किंवा तुटलेल्या न्यूट्रलचं ठरलेलं लक्षण आहे. यात टीव्ही-फ्रिज जळतात, आग लागू शकते, आणि काही प्रकारच्या अर्थिंगमध्ये उपकरणांच्या धातूच्या भागावर करंट येऊ शकतो. बोर्डापर्यंत हात न लावता सुरक्षित जाता येत असेल तर मेन स्विच आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करा, नळ किंवा धातूच्या वस्तूला झिणझिण्या येत असतील तर कशालाच हात लावू नका. स्वतः बोर्ड उघडून स्क्रू आवळायला जाऊ नका.

प्रश्न: दादा, इन्स्टॉलर म्हणाला "मी सेटिंगमध्ये दुसऱ्या देशाचा कोड टाकतो, मर्यादा वाढेल आणि इन्व्हर्टर बंदच पडणार नाही." करू देऊ का?

अजिबात नको. बंद पडणं थांबेल पण व्होल्टेज तिथेच राहील, उलट आणखी चढेल, आणि ते तुमच्या घरातल्या सगळ्या उपकरणांना सोसावं लागेल, शेजाऱ्यांच्याही. देशाच्या या कोडबरोबर फ्रिक्वेन्सीच्या आणि ग्रिड गेली की सुटायच्या सेटिंगही बदलतात, जोडणीच्या करारातही ते बसत नाही. आणि उद्या तक्रार करायला गेलात तर तुमचीच सेटिंग चुकीची निघणार. उलट आता कुठला कोड टाकलाय तो विचारा, कारण चुकून दुसऱ्या देशाचा, खालच्या मर्यादेचा कोड राहून गेल्यामुळे इन्व्हर्टर विनाकारण सुटतोय असंही होतं, आणि ते दुरुस्त करणं योग्यच आहे.

तोवर धुण्याचं मशीन, पाणी तापवणं, गाडी चार्ज करणं हे दुपारी लावा. २ किलोवॅट घरातच जिरले तर तेवढे बाहेर ढकलावे लागत नाहीत.

प्रश्न: अॅपमधला ग्राफ फारच ढोबळ आहे. मला थोडंफार प्रोग्रॅमिंग येतं, इन्व्हर्टरमधून थेट आकडे घेता येतील का?

बऱ्याच इन्व्हर्टरमध्ये येतात. सनस्पेक मॉडबस (इन्व्हर्टरमधले आकडे वाचायची एक ठरलेली पद्धत) असं मॅन्युअलमध्ये लिहिलं असेल तर कामच सोपं, रजिस्टरची, म्हणजे आकडे ठेवायच्या खणांची, यादी ठरलेली असते. सिंगल फेजच्या यादीचं नाव मॉडेल १०१, थ्री फेजच्या यादीचं १०३. एक गोष्ट बघा, व्होल्टेजच्या रजिस्टरमध्ये २५१४ आला तर घाबरू नका, शेजारी स्केल फॅक्टरचं वेगळं रजिस्टर असतं, त्यात उणे १ असेल तर ते २५१.४. दर दहा सेकंदांनी व्होल्टेज, पॉवर आणि स्टेटस कोड वाचून फाइलमध्ये टाका, १० मिनिटांची सरासरी नंतर काढता येते, पण न वाचलेला आकडा परत मिळत नाही. फार भराभर वाचलंत तर काही इन्व्हर्टर अॅपशी बोलणं सोडतात, दहा सेकंद पुरे.

साध्या मॉडबसला पासवर्ड नसतो. ज्याला मॉडबसचा पोर्ट ५०२ दिसला तो आकडे वाचू शकतो आणि काही मॉडेलमध्ये पॉवर लिमिट लिहूही शकतो. म्हणून राउटरवर तो पोर्ट बाहेर उघडू नका, बाहेरून बघायचं असेल तर व्हीपीएन लावा, आणि इन्व्हर्टरच्या वाय-फायचा डिफॉल्ट पासवर्ड अजून तसाच असेल तर आधी तो बदला.